साल्मिंगने खाल्लेल्या माराचे कौतुक पुरे

संपादक महोदय,


आपल्या क्रीडा पुरवणीत स्वीडनचा आइस हॉकीपटू बोर्ये साल्मिंग याच्यावर आलेला लेख वाचला. नोव्हेंबर 2022 मध्ये एएलएस या आजाराने तो वयाच्या 71 व्या वर्षी गेला. तेव्हापासून त्याच्याविषयी जे जे लिहिले जाते त्याचा सूर ठरून गेला आहे: उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये त्याने बेदम मार खाल्ला, तोंडातून ब्र काढला नाही, आणि म्हणून त्याच्या मागून येणाऱ्या शेकडो स्वीडिश खेळाडूंना दार उघडे झाले. माझी हरकत या कार्यकारणभावालाच आहे. दार उघडले ते साल्मिंगच्या खेळाने. मार हा त्याच्यावर लादलेला जाच होता, आणि त्या जाचाला गुणाचे रूप दिले की तो लादणारे अलगद सुटतात.

आधी खेळाविषयी, कारण आपल्या लेखात त्याला जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत. किरुना या उत्तर स्वीडनमधल्या खाणगावच्या परिसरात वाढलेला हा मुलगा ब्रिनेस संघाकडून 1971 आणि 1972 साली स्वीडनचा विजेता ठरला, आणि 1973 मध्ये इंगे हॅमरस्ट्रॉमबरोबर टोरोंटो मेपल लीफ्समध्ये दाखल झाला. तो बचावपटू होता. पण त्या काळच्या कॅनेडियन बचावपटूसारखा पक ही चकती नुसती भिंतीवर आपटून संकट टाळणारा नव्हता. आपल्याच गोलमागे पक ताब्यात घ्यायचा, अंगावर येणाऱ्याला एका वळणात चुकवायचे, आणि मान वर करून मधल्या रेषेपलीकडे धावणाऱ्या सिटलर किंवा मॅकडॉनल्ड या सहकाऱ्यांच्या स्टिकवर नेमका पास टाकायचा, ही त्याची पद्धत. प्रतिस्पर्ध्याने फटका मारायला स्टिक उचलली की हाच माणूस त्या कडक रबरी पकसमोर बर्फावर आडवा घसरत जाई. पहिल्याच मोसमात त्याने 39 गुण मिळवले; 1976-77 मध्ये 66 असिस्टसह 78. सतरा मोसमांत 1148 सामने, 787 गुण. 1996 साली हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला स्वीडिश खेळाडू, आणि 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने शतकातला सर्वोत्तम संघ निवडला तेव्हा सहा जणांत तो होता. एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप त्याला कधीच मिळाला नाही. टोरोंटोचा त्या काळातला कारभार पाहता त्याचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

आता माराविषयी. स्वीडिश खेळाडू भित्रे, अंगाला अंग भिडले की पळ काढणारे, हा समज साल्मिंगच्या आधीचा. उल्फ स्टर्नर 1965 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडून चार सामने खेळून परतला, आणि स्वीडिशांच्या अंगात दम नसतो या म्हणण्याला पुरावा मिळाला असे लोकांनी धरले. पण त्या वेळी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अंगावर धडक देण्याची मुभा फक्त आपल्या बचावाच्या भागात होती. संपूर्ण मैदानात ती 1969 मध्ये मिळाली. म्हणजे स्टर्नर वेगळ्या नियमांत घडला होता. फरक नियमाचा, शिक्का मात्र स्वभावावर! हा शिक्का पुढे हल्ल्याचा परवाना बनला. फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने तर धाकदपटशालाच डावपेच केले होते, आणि 1974 व 1975 मध्ये त्याच बळावर कपही जिंकला. हॅमरस्ट्रॉमच्या वाट्याला तर स्वतःच्या संघाचा मालक आला: हा खिशात अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एकही फुटणार नाही, असे हॅरल्ड बॅलर्ड जाहीरपणे म्हणाला. मालकच असे बोलतो तिथे रेफरीने शिट्टी का वाजवावी?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: खेळच रांगडा आहे, धक्के सगळ्यांनाच बसतात. बसतात, आणि नियमातल्या धडकेबद्दल माझी तक्रार नाही. पण एप्रिल 1976 मध्ये टोरोंटोत फ्लायर्सच्या मेल ब्रिजमनने साल्मिंगला ठोसे लगावले तेव्हा ओंटारिओ प्रांताचे ॲटर्नी जनरल रॉय मॅकमर्ट्री यांनी फ्लायर्सच्या खेळाडूंवर फौजदारी आरोप ठेवले. ब्रिजमनवरचा आरोप टिकला नाही. त्याच सामन्यातल्या इतर प्रकारांबद्दल त्याच्या दोन सहकाऱ्यांना मात्र दंड झाला. जे सरकारी वकिलाच्या नजरेतून सुटले नाही, त्याला लीग खेळाचा भाग मानत होती. ‘रांगडा खेळ’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. (जाता जाता: 1986 साली साल्मिंगच्या चेहऱ्यावर दोनशेहून अधिक टाके पडले ते जेरार्ड गॅलंट या प्रतिस्पर्ध्याचे स्केट चुकून लागल्याने. तो अपघात होता. आपल्या लेखाने तोही या हल्ल्यांच्या यादीत टाकला आहे. सोसण्याचे कौतुक करायचे ठरवले की अपघात आणि हल्ला एकाच पोत्यात जातात.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साल्मिंग स्वतः काही गरीब गाय नव्हता. स्वीडनमधल्या येव्लेतल्या एका सामन्यात रेफरीच्या अंगावर गेल्याबद्दल तो बाहेर काढला गेला, आणि तेवढ्यात टोरोंटोसाठी खेळाडू हेरणारा गेरी मॅकनमारा त्याला ड्रेसिंग रूममध्ये गाठून टोरोंटोकडून खेळशील का म्हणून विचारू लागला, असे सांगतात. एनएचएलमध्ये त्याच्या नावावर 1344 पेनल्टी मिनिटे आहेत. तेव्हा तो राकट होता म्हणून टिकला, असे कुणी म्हणेल. हे निम्मे खरे आहे. तो टिकला याला राकटपणा कारण असेल. पण निवडणाऱ्यांच्या हातात मोजपट्टीच राकटपणाची होती, हेही त्याच प्रसंगातून दिसते. त्याच्यासारखाच पास देणारा, पण शांत स्वभावाचा एखादा स्वीडिश बचावपटू त्या दिवशी येव्लेत असता, तर मॅकनमाराची पावले ड्रेसिंग रूमकडे वळली असती का? साल्मिंगने तक्रार केली नाही, हा त्याचा स्वाभिमान. तो त्याने निवडला. तोच साऱ्यांनी निवडावा असा दंडक घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि मार खाल्ल्याशिवाय दार उघडलेच नसते, हे तर त्याच दशकाने खोटे ठरवले आहे. 1974 मध्ये अँडर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन हे दोन स्वीडिश खेळाडू डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमधल्या विनिपेग जेट्सकडे गेले. मार त्यांनाही पडला. पण तिथे त्यांच्या पंक्तीला बॉबी हल होता, स्वतः कॅनेडियन आणि त्या खेळातला मोठा तारा. 1975 मध्ये हिंसेच्या निषेधार्थ तो एका सामन्याला उतरलाच नाही. विनिपेगने या दोघांना आधी मर्द असल्याचे सिद्ध करा म्हटले नाही. जागा बदलत, वेगाने पास देत खेळण्याची त्यांची रीत संघानेच उचलली, आणि 1976 व 1978 मध्ये विजेतेपद घेतले. डब्ल्यूएचए दुय्यम लीग होती, असे म्हणता येईल. पण एडमंटनचे प्रशिक्षक ग्लेन सॅदर यांनी हाच नमुना समोर ठेवून संघ बांधला, आणि त्या संघाने 1984 ते 1990 या काळात एनएचएलचा कप पाच वेळा जिंकला. पुढे निक्लस लिडस्ट्रॉम हा स्वीडिश बचावपटू आला: 1564 सामन्यांत अवघी 514 पेनल्टी मिनिटे, चार स्टॅन्ली कप, सात वेळा सर्वोत्तम बचावपटू. साल्मिंगने उघडलेल्या दाराचा हा सर्वांत मोठा लाभार्थी मारामारीत जवळजवळ नव्हताच. साल्मिंगची सहनशक्तीच मोलाची असती, तर तिचा वारसा लिडस्ट्रॉमच्या खेळात कुठेतरी दिसायला हवा होता. दिसतो तो पास.

1976 च्या कॅनडा कप या देशादेशांमधल्या स्पर्धेत साल्मिंग स्वीडनची जर्सी घालून टोरोंटोत उतरला तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, या प्रसंगावर आपला लेख रेंगाळला आहे. ती दाद त्याच्या सोसण्याला होती, असे लेखकाने गृहीत धरले. तीन मोसम त्या प्रेक्षकांनी त्याला आठवड्यामागून आठवडे आपल्या संघाचा बचाव आणि चढाई एकट्याने जोडताना पाहिले होते. टाळ्या वाजवायला तेवढे पुरे होते. पुरवणीला माझी विनंती एवढीच, की परक्या लीगमध्ये गेलेल्या खेळाडूवर पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्याला किती टाके पडले याबरोबर शिट्टी कुणी वाजवली नाही आणि नियम कधी बदलला, हेही छापावे.

आपला,
एक वाचक