शिक्षा शिक्षकाला की गावाला?

जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाविरुद्ध गंभीर तक्रार झाली, पालकांनी शाळेला कुलूप ठोकले आणि वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, म्हणजे शिक्षण खात्याची यंत्रणा ठराविक क्रमाने हालू लागते. गटशिक्षणाधिकारी येतात, जबाब घेतात, गावकऱ्यांची समजूत घालतात आणि ‘योग्य ती कारवाई’ करण्याचे आश्वासन देऊन परत जातात. काही दिवसांनी त्या शिक्षकाची बदली झाल्याचे कळते. गावाला वाटते, आपला विजय झाला. कुलूप निघते, वर्ग भरू लागतात. तक्रारीत तथ्य होते की नव्हते, याचा निर्णय मात्र कोणीच केलेला नसतो. आणि तो शिक्षक ज्या दुसऱ्या गावी रुजू होतो, त्या गावाला यातले काहीच ठाऊक नसते.

हे दुसरे गाव बहुधा कोणते असते, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा. नाशिक जिल्ह्यात ते पेठ-सुरगाण्याकडचे असते, अमरावतीत धारणी-चिखलदऱ्याकडचे, पालघरात जव्हार-मोखाड्याकडचे. जेथे पालक रोजगारासाठी सहा महिने बाहेर असतात, जेथे एस. टी. दिवसातून एकदा येते आणि साहेब वर्षातून एकदा, तेथे तक्रार करणारेच कोणी नसते. तालुक्याच्या गावाला जो शिक्षक नको झाला, तो आदिवासी पाड्यावरील मुलांना चालेल, असे या व्यवस्थेने न बोलता ठरवून टाकलेले आहे. २०१७ पासून नियमित बदल्या संगणकावर होऊ लागल्या हे खरे; पण प्रशासकीय कारणास्तव होणारी बदली आणि निलंबनानंतरची नवी नेमणूक यांची किल्ली अधिकाऱ्यांच्याच हाती राहिली. तिचा उपयोग कधी एखाद्याला दूर फेकण्यासाठी होतो, तर कधी वशिल्याच्या माणसाला निलंबनाच्या वाटेने सोयीचे गाव मिळवून देण्यासाठीही होतो, अशी कुजबुज शिक्षकांमध्येच ऐकू येते.

वस्तुतः बदली ही शिक्षा नव्हेच. जिल्हा परिषद सेवकांच्या शिस्त व अपील नियमांत, म्हणजे १९६४ च्या नियमांत, ठपका ठेवण्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा सांगितल्या आहेत. त्यांत बदलीचे नाव नाही. शिक्षेच्या ऐवजी केलेली बदली बेकायदेशीर ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. तरीही अधिकारी तिचाच आश्रय घेतात, कारण ती एका सहीत होते. विभागीय चौकशी म्हणजे काम आहे. दोषारोपपत्र तयार करावे लागते, पुरावा गोळा करावा लागतो, चौकशी अधिकारी नेमावा लागतो, साक्षी घ्याव्या लागतात. दोषारोपपत्रच न बजावता तीन महिन्यांपलीकडे कोणाला निलंबित ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले. त्यावर कचेऱ्यांनी शोधलेली पळवाट अशी की, मुदत भरत आली की माणसाला कामावर परत घ्यावयाचे आणि चौकशीची फाइल तशीच पडू द्यावयाची. कोणी विचारलेच तर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे उत्तर तयार असते. फौजदारी खटला चालू असताना खात्याने चौकशी करू नये असा सरसकट नियम कोठेही नाही, हे १९९९ पासून न्यायालयीन निर्णयांनी ठरलेले आहे. परंतु हे वाक्य उच्चारले की काही न करण्याची सोय होते.

या गोंधळाचा फायदा घेऊन आता असे सुचविले जात आहे की, शिक्षकांना मिळालेले सेवासंरक्षण हेच सर्व रोगांचे मूळ आहे. ते काढून घ्या, कंत्राटी नेमणुका करा, म्हणजे शिस्त आपोआप येईल. या सूचनेला आमचा ठाम विरोध आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा येण्यापूर्वी संस्थाचालकांची लहर हीच शिक्षकाची सेवाशर्त होती. पूर्ण पगारावर सही घेऊन अर्धा हाती देणाऱ्या संस्था होत्या आणि त्याविषयी ब्र काढणाऱ्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले जाई. त्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिले. १९८१ च्या नियमांनी तीन सदस्यांची चौकशी समिती दिली, तीत संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने निवडलेला एक आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी एक असे सदस्य ठेवले, आणि साधारणतः १२० दिवसांत चौकशी संपविण्यास सांगितले. हे संरक्षण कष्टाने मिळालेले आहे. शिवाय संरक्षण नसल्याने शिस्त येत असती, तर २००० साली शिक्षण सेवक योजना आल्यानंतर शाळा सुधारावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात तीन वर्षे मानधनावर राबणारा शिक्षण सेवक सर्वांत आधी एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे वरिष्ठांच्या गैरप्रकारांकडे पाहावयाचे नाही. शाळेत काही वावगे घडत असेल तर ते प्रथम सहकाऱ्याच्या लक्षात येते. त्या सहकाऱ्यालाच भयभीत करून मुले सुरक्षित कशी होणार?

शासनाची शिस्तीची कल्पना काय आहे, हे २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ उपक्रमात दिसले. शिक्षकांची छायाचित्रे वर्गात लावा, म्हणजे भाडोत्री शिक्षक ओळखू येतील, असा तो आदेश होता. स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठविणारा शिक्षक असेल तर तो केंद्रप्रमुखाच्या भेटीत सापडावयास हवा. भिंतीवरच्या तसबिरीने त्याचे काय बिघडते? ऑनलाइन माहिती वेळेवर भरली नाही, तर कारणे दाखवा नोटीस तत्परतेने निघते. मुलांना मारहाण करण्यास व मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासून बंदी आहे आणि ती मोडणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे बंधन आहे. या कलमाखाली निघालेली नोटीस किती कार्यकर्त्यांनी पाहिली आहे?

मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत तर संस्थेची पहिली धडपड बोभाटा टाळण्याची असते. २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळा, २०१९ मध्ये राजुऱ्याचे आदिवासी मुलींचे वसतिगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची शाळा. ही नावे महाराष्ट्राला माहीत आहेत. राजुऱ्याच्या प्रकरणात, गुन्हा ठाऊक असूनही न कळविणे हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. बदलापूरचा आरोपी शिक्षक नव्हता, सफाई कामगार होता. तो २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीने मारला गेला, तेव्हा काही ठिकाणी पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या मृत्यूस पोलिसांनाच जबाबदार धरल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयात उघड झाले. आरोपीच नाहीसा झाल्यावर त्याच्यावरील खटलाही संपला. चौकशी टाळणारी बदली आणि चौकशी संपविणारी गोळी यांत अंतर मोठे आहे. पण काय घडले ते मुलांना व त्यांच्या आईबापांना रीतसर कळावे, ही निकड दोन्हींत सारखीच नाही.

आता आपल्या मित्रसंघटनांविषयी. आरोप झालेल्या सभासदाला चौकशीत साहाय्य देणे, त्याच्या बाजूने कागद मांडणे, खोट्या तक्रारीतून त्याला सोडविणे हे शिक्षक संघटनेचे कर्तव्यच होय. परंतु चौकशी सुरू होण्याआधीच निलंबन मागे घ्यावे म्हणून शिष्टमंडळ घेऊन मंत्रालयात जाणे, किंवा ‘गावाचे राजकारण आहे’ असे पत्रक काढून मोकळे होणे, यास आम्ही संघटनकार्य म्हणणार नाही. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत. त्या मुलांच्या मतांवर निवडून येत नाहीत, म्हणून मुलांची बाजू तेथे दुबळी पडते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षकाला चांगला पगार मागितला, तो शेतकऱ्याच्या मुलाला चांगले शिकविले जावे म्हणून. त्यातला पहिला भाग आपण पुष्कळ वर्षे नेटाने लढविला आहे.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी दोन कामे करता येण्याजोगी आहेत. एखाद्या शिक्षकाच्या नोटिसा व शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल असल्याने ती मागून फारसे हाती लागणार नाही. पण जिल्हा परिषदेत किती शिक्षकांची विभागीय चौकशी प्रलंबित आहे, किती वर्षांपासून आहे, त्यांपैकी मुलांशी गैरवर्तनाची प्रकरणे किती आणि त्यातील किती जणांना कोणत्या तालुक्यात नेमणूक दिली, हे आकडे कोणाचेही नाव न घेता माहितीच्या अधिकारात मागता येतात. दुसरे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पण पुष्कळ ठिकाणी तिचे इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या घरपोच गोळा होतात. आपल्या सभासदांपैकी जे पालक या समित्यांवर आहेत त्यांची तालुकावार यादी शाखांनी या महिनाअखेरपर्यंत करावी, आणि पाड्यावरील शाळांपासून आरंभ करावा.