मुक्याचा बोलपट

बोलपटाचा नायक स्वतःच मुका, असा योग चित्रसृष्टीत एकदा येऊन गेला; त्याचा पुरावा मात्र आज उरलेला नाही. ‘दि मिलियन डॉलर कॉलर’ हा अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्सचा १९२९ सालचा अंशतः बोलका चित्रपट. दिग्दर्शक डी. रॉस लेडरमन, नायक रिन-टिन-टिन नावाचा अल्सेशियन कुत्रा. चोरीचा हार त्याच्या गळ्यातील पट्ट्यात दडविला जातो, एवढ्या सुतावरून कथानकाने स्वर्ग गाठलेला!

या श्वानाची जीवनकथा आम्हांस कोणत्याही पटकथेहून सरस वाटते. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील फ्लिरे गावी, बॉम्बहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या श्वानगृहात ली डंकन या अमेरिकन शिपायास एक कुत्री व तिची नवजात पिले सापडली. त्यांतील दोन त्याने स्वतःकडे ठेवली. युद्धकाळी फ्रेंच लोक शुभचिन्ह म्हणून बाहुल्यांची जोडी बाळगीत, तिचीच नावे त्यांना दिली. नॅनेट अमेरिकेस पोहोचून लवकरच दगावली. रिन-टिन-टिन मात्र १९२३ च्या ‘व्हेअर द नॉर्थ बिगिन्स’पासून वॉर्नर मंडळींचा पोशिंदा ठरला.

पुढे ध्वनी आला. व्हिटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नसे. तो १६ इंची तबकडीवर मुद्रित होई आणि यंत्रचालकाने तिची रिळाशी सांगड घालावयाची. अशा चित्रपटास जणू दोन देह: फिल्म हरपली तर आवाज पोरका, तबकडी फुटली तर चित्र मुके. त्यात फिल्म नायट्रेटची. झटकन पेटणारी, न पेटल्यास कुजणारी. तबकडी सुमारे २० वेळा वाजली की बाद. या चित्रपटाची एकही प्रत ज्ञात नाही. आपल्या ‘आलम आरा’चीही (१९३१) हीच गत असल्याने हे दुःख आम्हांस परके नाही.

डिसेंबर १९२९ मध्ये कंपनीने रिन-टिन-टिनचा करार संपविला. कारण काय, तर कुत्रे बोलत नाही! ज्याच्या कमाईवर वाईट दिवस काढले त्यास असा निरोप द्यावा, हे आमच्या मते कृतघ्नपणाचे होते. तो खचला नाही. ‘द लोन डिफेंडर’ (१९३०) व ‘द लाइटनिंग वॉरियर’ (१९३१) या दुसऱ्या कंपनीच्या ध्वनियुक्त मालिकापटांत झळकला, आणि ते आजही पाहावयास मिळतात. १० ऑगस्ट १९३२ रोजी तो निवर्तला. पॅरिसजवळ आनिएर येथील प्राण्यांच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.