घारे डोळे आणि घरातली कुजबुज

कोकणस्थांचे घारे डोळे इचलकरंजीला नवे नाहीत. जहागिरीचे संस्थापक नारो महादेव मूळचे कोकणातलेच. पण घारेपणा ही कुणा एका जातीची मक्तेदारी नव्हे. तरीही काळ्याभोर डोळ्यांच्या जोडप्याला घाऱ्या डोळ्यांचे बाळ झाले की कुजबुज सुरू होते आणि बोट दाखवले जाते ते बाळंतिणीकडे.

बुबुळात निळे वा हिरवे रंगद्रव्य नसतेच. असते ते तपकिरी मेलॅनिन. ते कमी असले की डोळे फिकट दिसतात. त्याचे प्रमाण मुख्यतः पंधराव्या गुणसूत्रावरील ‘ओसीए२’ आणि ‘एचईआरसी२’ या शेजारी-शेजारी असलेल्या जनुकांवर ठरते. काळ्या डोळ्यांचे आईवडीलही फिकट रंगाची प्रत पिढ्यान्‌पिढ्या नकळत बाळगून असतात. दोघांकडून तीच आली, की बाळाचे डोळे घारे. शाळेतला धडा इथेच संपतो. प्रत्यक्षात, सुमारे १ लाख ९५ हजार लोकांच्या २०२१ मधील अभ्यासात या रंगाशी जनुकसंचातील ६१ जागा जोडलेल्या आढळल्या. म्हणूनच फिकट डोळ्यांच्या जोडप्यालाही क्वचित तपकिरी डोळ्यांचे मूल होते. डोळ्यांच्या रंगावरून बाप ठरवणे हे विज्ञान नव्हे, बाईवरचा निव्वळ अन्याय आहे.

बाळाचे डोळे न्याहाळायचेच असतील, तर बाहुली पांढरी चकाकते का ते पाहावे. तशी दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत.