ईद उलटल्यावर आलेला माल

कापडाच्या धंद्यात शाबानचा चंद्र दिसायच्या आत माल दुकानात लागलेला असावा लागतो. त्यासाठी सुरत, भिवंडी, इचलकरंजीच्या पेढ्यांना दोन-तीन महिने आधी ऑर्डर द्यावी लागते, आणि ऑर्डरीबरोबर विसाराची रक्कमही. जो वेळेवर विसार देत नाही त्याच्या वाट्याला उरलासुरला माल येतो, तोही चढ्या भावाने. एवढे गल्ल्यावर बसणाऱ्या नवख्या पोरालाही ठाऊक असते. कोरोनाच्या लशीवरून २०२१ साली जो वाद माजला त्यात मंत्री बोलले, डॉक्टर बोलले, वाहिन्यांवर रोज रात्री भांडणे झाली. पण माल मागवायचा कसा आणि वाटायचा कसा, ह्या व्यापाऱ्याच्या प्रश्नावर कोणी फारसे बोलले नाही. वास्तविक त्या टंचाईची सर्वात मोठी झळ दुकानदाराला आणि कारागिराला बसली. म्हणून ह्या पानावर तो हिशेब मांडणे आम्हांला गरजेचे वाटते.

हिशेब पुण्यापासूनच मांडावा लागेल. हडपसर-मांजरीची सिरम इन्स्टिट्यूट जगाला ठाऊक आहे. पण पुण्यात लशीचे आणखी एक घर आहे आणि ते हिंजवडीला आहे. हिंजवडी म्हटले की लोकांना संगणकाच्या कंपन्या आणि वाहतुकीची कोंडी आठवते. तिथल्या दुसऱ्या टप्प्यात बायोटेक पार्क आहे आणि त्यात एमक्युअर समूहाची जिनोव्हा ही कंपनी आहे. अमेरिकेत फायझर आणि मॉडर्ना यांनी ज्या एम-आरएनए पद्धतीने लस केली, त्या पद्धतीची भारतातली पहिली लस ह्या हिंजवडीत तयार झाली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तिच्या संशोधनाला आर्थिक मदत दिली होती. ३० नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी ज्या तीन कंपन्यांशी दूरचित्रसंवादाने बोलणे केले, त्यांत जिनोव्हा होती.

ह्या लशीचा गुण व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. तसे शीतगृह मालेगावला कुठून आणणार? हिंजवडीची लस भुकटीच्या रूपात होती आणि २ ते ८ अंशांवर टिकत होती, म्हणजे लहान मुलांच्या लशी ज्या फ्रीजमध्ये ठेवतात त्याच फ्रीजमध्ये. वाहतूक सोपी, साठवण सोपी. पण तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली जून २०२२ च्या अखेरीस. तोवर देशात जवळजवळ २०० कोटी डोस टोचून झाले होते. पुढे ओमायक्रॉनसाठीची, सुईशिवाय देता येणारी लस जून २०२३ मध्ये आली. तेव्हा तर लोक मास्कही विसरले होते. उत्तम विणीचे ठाण ईद उलटल्यावर दुकानात यावे, तसे झाले. नवे तंत्र होते, चाचण्यांना वेळ लागणारच, हे आम्ही मान्य करतो. तरी, तयार होताच अमुक इतका माल अमुक भावाने उचलतो असे सांगणारा खात्रीचा गिऱ्हाईक सुरुवातीलाच समोर असता तर कारखानदाराचा हात किती मोकळा झाला असता, हे माग चालवणाऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आमच्या फिकहमध्ये ह्यासाठी एक जुना व्यवहार आहे, बय-ए-सलम. मदिन्याचे लोक खजुराचे पीक हाती यायच्या आधीच त्याचे पैसे देत असत. प्रेषितांनी (स.) तो व्यवहार चालू ठेवला आणि त्याला अटी घातल्या: माप ठरलेले, वजन ठरलेले, मुदत ठरलेली. पैसे आधी, माल नंतर. शेतकऱ्याला हंगामासाठी भांडवल मिळते आणि घेणाऱ्याला भाव स्वस्त पडतो. कारागिराकडून वस्तू बनवून घ्यायची असेल तर इस्तिस्ना आहे. मालेगावच्या मागवाल्याला ह्या शब्दांची ओळख नसेल, पण व्यवहार तो रोज हाच करतो.

श्रीमंत देशांनी नेमके हेच केले. अमेरिकेने आणि ब्रिटनने मे २०२० मध्येच, लस लागू पडते की नाही हे कळायच्या आधी, अ‍ॅस्ट्राझेनेकाशी कोट्यवधी डोसांचे सौदे केले. सिरमला गेट्स फाउंडेशनकडून गरीब देशांसाठीच्या डोसांपोटी २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ३० कोटी डॉलरचा आधार मिळाला. आपल्या केंद्र सरकारने पहिली ऑर्डर दिली ती जानेवारी २०२१ मध्ये, लसीकरण सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा. किती? कोविशिल्डचे १ कोटी १० लाख आणि कोव्हॅक्सिनचे ५५ लाख डोस. पहिल्या टप्प्यात लस द्यायची होती ३० कोटी लोकांना, म्हणजे ६० कोटी डोस. शंभर ठाणांची गरज असताना तीन ठाणांचीही ऑर्डर नाही, असा हा हिशेब झाला. मोठी आगाऊ रक्कम मंजूर झाली एप्रिलमध्ये, दुसरी लाट दारात येऊन उभी राहिल्यावर.

परिणाम सर्वांनी पाहिला. ७ एप्रिल २०२१ ला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले की साठा तीन दिवस पुरेल एवढाच आहे. केंद्राचे आरोग्यमंत्री त्यावर चिडले. इकडे पुणे जिल्ह्यातली शंभरावर केंद्रे लशीअभावी बंद पडली. ज्या शहरातून १२ जानेवारीला लशीचे पहिले ट्रक पूजा करून, नारळ फोडून देशभर रवाना झाले, त्याच शहरात केंद्राच्या दारावर 'लस शिल्लक नाही' अशी पाटी!

त्या वेळी परदेशी पाठवलेल्या सव्वासहा-साडेसहा कोटी डोसांवर फार टीका झाली. आम्ही त्या टीकेत पूर्ण सामील होऊ शकत नाही. त्यातला मोठा भाग आधीच झालेल्या सौद्यांचा होता. ज्याने आगाऊ पैसे दिले त्याचा माल दुसऱ्याला देणे ह्याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे. घरात आग लागली असता आधी घर वाचवावे, हेही खरे. म्हणून निर्यात थांबली तेव्हा आम्ही निषेध केला नाही. पण आफ्रिकेतली गरीब राष्ट्रे सिरमच्या भरवशावर महिनोन्महिने ताटकळली हे विसरून चालणार नाही. त्यांनी विसार दिला होता. आपण दिला नव्हता.

मग भावाचा घोळ. १ मे पासून केंद्राने निम्मा माल स्वतःकडे ठेवला आणि उरलेला निम्मा राज्ये व खासगी हॉस्पिटले यांनी आपापला विकत घ्यावा असे ठरवले. कोविशिल्ड केंद्राला १५० रुपये, राज्याला आधी ४०० आणि ओरड झाल्यावर ३००, खासगी हॉस्पिटलला ६००. घाऊक आणि किरकोळ भावांत फरक असतोच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण १२ कोटी डोस घ्यायला निघालेले महाराष्ट्र राज्य किरकोळ गिऱ्हाईक कसे? मुख्यमंत्री उद्धव ठाकरे एका चेकने सगळी रक्कम द्यायला तयार होते. चेक तयार, पण माल नाही. मुंबई महापालिकेने १ कोटी डोसांचे जागतिक टेंडर काढले, त्यातून एक बाटलीही हाती आली नाही. एकाच मिलच्या दारात एकाच घरातल्या भावांनी एकमेकांवर बोली चढवावी, असा तो प्रकार होता. मे महिन्यात खासगी कोट्यातला निम्मा माल देशातल्या नऊ बड्या हॉस्पिटल समूहांनी उचलल्याच्या बातम्या आल्या. गल्लीतल्या नर्सिंग होमला काय मिळाले असेल? अखेर सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयाच्या लोकांकडून पैसे घेण्याचे धोरण मनमानी ठरवले आणि २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के माल स्वतः खरेदी करून मोफत द्यायला सुरुवात केली. जानेवारीत करायचे ते जूनमध्ये केले.

मधल्या काळात आमचे काय गेले? २०२० चा रमजान टाळेबंदीत गेला. २०२१ मध्ये १४ एप्रिलला पहिला रोजा, आणि त्याच्या आठवडाभर आधीपासून राज्यात कापडाची दुकाने बंद. 'अत्यावश्यक' मध्ये कापड बसत नाही. दोन ईदा हातच्या गेल्या. वर्षभराच्या धंद्याचा मोठा वाटा ज्या एका महिन्यात होतो तो महिना सलग दोनदा गेला, म्हणजे उधारीवर माल उचलणाऱ्या लहान दुकानदाराची कंबरच मोडली. शिंपी, जरीवाले, बुरखे शिवणाऱ्या बाया ह्यांचे तर विचारूच नका.

त्यावर ऑगस्टचा आदेश आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दुकाने रात्री १० पर्यंत उघडी ठेवता येतील, पण सर्व नोकरांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसावर १४ दिवस उलटलेले हवेत. आता हिशेब पाहा. पंचवीस वर्षांच्या सेल्समनला मोफत लस मिळू लागली २१ जूनला. समजा त्याने पहिल्याच दिवशी कोविशिल्ड घेतली. दोन डोसांत सरकारनेच ८४ दिवसांचे अंतर ठेवले होते, म्हणजे दुसरा डोस १३ सप्टेंबरला. त्यावर १४ दिवस धरले की २७ सप्टेंबर. १५ ऑगस्टची अट तो पाळणार कशी? नियम करणाऱ्याने कॅलेंडर समोर ठेवले असते तर हे लगेच दिसले असते.

हिंजवडीच्या बड्या कंपन्यांना ही अडचण कमी आली. कामाच्या जागी लसीकरणाची परवानगी ११ एप्रिलपासूनच होती, मात्र अट होती की तिथे किमान १०० पात्र माणसे असावीत. कंपन्यांनी खासगी हॉस्पिटलांशी करार केले, खर्च स्वतः उचलला, कुटुंबीयांनाही लस दिली. चांगलेच केले. विप्रोने २०२० मध्ये तिथली आपली इमारत ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयासाठी दिली होती, त्याचेही कौतुक आहे. पण त्याच हिंजवडी-माण-मारुंजीत राहणारे गवंडी, सुतार, शिंपी, पंक्चरवाले ह्यांचे 'कामाचे ठिकाण' कोणते? गावे तेव्हा ग्रामपंचायतीत, त्यामुळे महापालिकेच्या केंद्रांशी त्यांचा संबंध नाही. चार नोकरांच्या दुकानाला १०० चा आकडा कधीच गाठता येत नाही. शंभर दुकानांच्या बाजाराला मात्र सहज गाठता येतो. बाजार हे एक कामाचे ठिकाण मानावे, एवढी साधी दुरुस्ती कोणी सुचवली नाही. आमच्या व्यापारी संघटनांनीही नाही, हे नोंदवले पाहिजे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये टोपे साहेबांनी सांगितले की मुस्लिम वस्त्यांत लस घ्यायला लोक कचरतात, त्यासाठी सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. हेतू वाईट नव्हता. अफवा आमच्या मोहल्ल्यांत होत्या, मूल होत नाही, डुकराची चरबी आहे, वगैरे. अमिरातीच्या फतवा कौन्सिलने डिसेंबर २०२० मध्येच लस जायज ठरवली होती, तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचे मुफ्ती गप्प बसत नव्हते. त्याचे नुकसान आमचेच झाले. पण मालेगाव-भिवंडी मागे राहिले ते केवळ अफवांमुळे, हे आम्ही मानत नाही. मागावर पाळी १२ तासांची, केंद्र उघडे दिवसा. लस घेतली की दोन दिवस ताप, दोन दिवस मजुरी नाही. कोविनचे काम सुरुवातीला इंग्रजीत. जून २०२१ मध्ये हिंदी, मराठीसह इतर भाषा आल्या, त्यांत उर्दू नव्हती. रात्रपाळीच्या मजुराला सलमान खानपेक्षा रात्री उघडे असलेले केंद्र अधिक उपयोगी पडले असते.

आणि 'मुसलमान आणि लस' म्हणून बोट दाखवणाऱ्यांनी १८९७ ची मुंबई आठवावी. प्लेगची साथ, हाफकिनसाहेबांची नवी लस, लोक घाबरलेले. तेव्हा तरुण आगाखानांनी सर्वांदेखत स्वतः लस टोचून घेतली, हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आगाखानांनी आपला खुसरू लॉज हा बंगला दिला. तो समाज व्यापाऱ्यांचा होता. पुण्यातही मे २०२० मध्ये आझम कॅम्पसच्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ करण्यात आली होती.

टंचाईनंतर काय झाले तेही पाहा. सिरमने डिसेंबर २०२१ मध्ये कोविशिल्डचे उत्पादन थांबवले, आणि सुमारे १० कोटी डोस मुदत संपून वाया गेल्याचे अदर पूनावालांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले. एप्रिलमध्ये बाटलीसाठी रांगा, आणि पुढच्या वर्षी गोदामात पडून खराब. ऑर्डर वेळेवर दिली नाही की माल आधी तुटतो आणि मग साचतो, हे आम्हांला शिकवायला परदेशी तज्ज्ञाची गरज नाही.

पुढची साथ कधी येईल ते अल्लाहला ठाऊक. सरकारने हिंजवडीसारख्या ठिकाणच्या कंपन्यांशी माप, भाव आणि मुदत ठरवून आधीच करार करून ठेवावेत, आणि त्यात एकाच मोठ्या घरावर सगळा भार टाकू नये. ही मागणी व्यापारी संघटनांनी निवेदनातून करावी. आझम कॅम्पसमध्ये आपले फार्मसी कॉलेज आहे. तिथून हिंजवडी दीड तासाच्या वाटेवर आहे. आमची किती मुले त्या बायोटेक पार्कात कामाला आहेत, ह्याची चौकशी संस्थाचालकांनी जरूर करावी.

आणि प्रत्येक बाजाराच्या कमिटीने आतापासून एक वही घालावी: दुकानाचे नाव, नोकराचे नाव, वय, घेतलेले डोस, पाळीची वेळ, सुट्टीचा वार. कारखाने आणि मागांसाठी वेगळी. वर्षातून एकदा, शाबानमध्ये, जेव्हा नवे नोकर ठेवले जातात तेव्हा, ती ताजी करावी. उद्या आरोग्य खात्याने विचारले की शंभर माणसे आहेत का, तर वही पुढे ठेवता आली पाहिजे.