झोप, ज्ञान आणि कामाचे तास

१ मे १८८६ रोजी अमेरिकेतील कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांनी दिवसाचे तीन समान भाग मागितले होते : आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास कामगाराच्या स्वतःच्या इच्छेचे. पहिल्या भागासाठी जगभर लढे झाले. तिसऱ्या भागातून रात्रशाळा, वाचनालये आणि अभ्यासवर्ग उभे राहिले. मधल्या भागाकडे मात्र चळवळीनेही पुरेसे लक्ष दिले नाही. झोप म्हणजे थकवा घालवण्याचा रिकामा वेळ, अशीच समजूत राहिली. विज्ञानाने ही समजूत खोटी ठरवली आहे.

१९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक शब्दावयव पाठ करून घेतले. पाठांतरानंतर झोपल्यास जितके लक्षात राहते, त्याहून पुष्कळ कमी तितकाच काळ जागे राहिल्यास लक्षात राहते, असे त्यांना आढळले. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील एका विशिष्ट अवस्थेचा शोध लावला. या अवस्थेत डोळे बंद पापण्यांआड वेगाने हलतात आणि मेंदू विलक्षण क्रियाशील असतो. पुढे १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले की, जागेपणी विशिष्ट जागी फिरताना मेंदूतील ज्या पेशी एकत्र चेतवल्या जातात, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतवल्या जातात. थोडक्यात, दिवसा शिकलेल्या धड्याची उजळणी मेंदू रात्री करतो आणि तात्पुरत्या स्मृतीला टिकाऊ रूप देतो.

गोष्ट केवळ पाठांतराची नाही. २००४ साली जर्मनीतील ल्यूबेक येथे संशोधकांनी काही जणांना आकड्यांची कोडी सोडवायला दिली. त्या कोड्यांत एक सोपा नियम दडलेला होता, पण तो कोणालाही सांगितलेला नव्हता. मधल्या वेळेत आठ तास झोप मिळालेल्यांपैकी सुमारे साठ टक्क्यांना तो नियम सापडला. जागे राहिलेल्यांपैकी एक चतुर्थांशांनाही तो सापडला नाही. नवी कल्पना सुचणे ही काही थोड्यांनाच लाभलेली दैवी देणगी आहे, असे मानणाऱ्यांनी या प्रयोगाचा विचार करावा. अर्थात झोप शून्यातून ज्ञान निर्माण करीत नाही. जागेपणीच्या श्रमाने मिळवलेल्या सामग्रीवरच ती प्रक्रिया करते. श्रम आणि विश्रांती यांत विरोध नाही. एकाच प्रक्रियेची ती दोन अंगे होत.

मग ही झोप कोणाच्या वाट्याला येते? मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या कामगार तरुणीची हकीकत नोंदवली आहे. १८६३ च्या जूनमध्ये लंडनमधील एका प्रतिष्ठित शिवणगृहात साडेसव्वीस तास अखंड काम केल्यानंतर ती आजारी पडली आणि मरण पावली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा त्यांत आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. गिरणगावातील एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे कामगार आळीपाळीने पाठ टेकीत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. तेव्हापासून आजतागायत अशा वर्गांत दिवसभर राबलेला विद्यार्थी पेंगताना दिसतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, त्याच्या दिनक्रमाचा आहे.

आता हा दिनक्रम आणखी लांबवला जात आहे. २०२३ साली कर्नाटकाने कारखान्यांत बारा तासांच्या दिवसाला वाट मोकळी करून दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. यावर समर्थन असे दिले जाते की, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. चार दिवस अधिक राबावे आणि उरलेले दिवस झोपावे. पण झोप ही काही बँकेतील ठेव नव्हे. २००० साली स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. नजरेच्या एका कौशल्याचा सराव झाल्यानंतरची पहिलीच रात्र ज्यांना जागून काढावी लागली, त्यांच्या कौशल्यात पुढच्या दोन रात्री झोप मिळूनही सुधारणा दिसली नाही. बारा तास काम, तीन तास प्रवास, तीन तास स्वयंपाक, जेवण आणि घरकाम, असा हिशेब केला तर उरतात सहा तास. कामगार स्त्रीच्या वाट्याला तेही येत नाहीत. त्या सहा तासांत झोपायचे की शिकायचे? एकाची निवड करताच दुसरेही अर्धे हातचे जाते, कारण झोपेवाचून शिकलेले टिकत नाही.

रातपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली अशा कामाचा समावेश संभाव्य कर्करोगकारकांत केला आणि २०१९ साली तो निष्कर्ष कायम ठेवला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणात झोपेला जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानले. पण जो हक्क निकालपत्रात आहे, तो पाळीच्या तक्त्यात आपोआप उतरत नाही. तामिळनाडूतील अनुभव पाहावा. तेथे एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांचे विधेयक विधानसभेत संमत झाले होते. कामगार संघटनांच्या विरोधामुळे त्याच वर्षी १ मे रोजी ते मागे घेत असल्याचे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले.

चळवळीनेही या निमित्ताने आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. रात्र रात्र जागणारा कार्यकर्ता आदर्श मानण्याची सवय जुनी आहे. रात्री दहाला सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपणारा अभ्यासवर्ग निष्ठेची कसोटी घेत असेल, पण सकाळच्या पाळीला जाणाऱ्या सभासदाच्या डोक्यात तो किती उरतो? संपाच्या वा पुराच्या रात्री जागावेच लागते. पण आणीबाणीचा तो नियम रोजचा शिरस्ता होता कामा नये. अभ्यासवर्ग सुट्टीच्या सकाळी भरवावेत, बैठका वेळेवर संपवाव्यात. वेतनाच्या मागणीपत्रकात पाळ्यांची रचना, दोन पाळ्यांमधील पुरेसे अंतर आणि रातपाळीनंतरची विश्रांती यांनाही स्थान मिळाले पाहिजे. कामगार वर्गाला जग समजून घ्यायचे आहे आणि बदलायचेही आहे. त्यासाठी जसे जागे राहावे लागते, तसेच निश्चिंत झोपण्याचा हक्कही मिळवावा लागतो.