रक्त मुबलक, लोह अपुरे

‘अंगात रक्त कमी आहे’ असे आपण सहज बोलून जातो आणि लोह उणे पडले की रक्तही उणे पडणार, असे गृहीत धरतो. वैद्यकीय लेखनाचे मराठी करताना प्रस्तुत लेखकाचीही हीच समजूत होती. परंतु रक्त गरजेहून अधिक आणि लोहाचा साठा मात्र रिता, अशी अवस्थाही संभवते. टेस्टोस्टेरॉन हे औषध म्हणून घेणाऱ्या काही पुरुषांत ती आढळते. तिला ‘रक्तक्षय’ म्हणता येत नाही. आणि ज्या गोष्टीला आपल्याजवळ नाव नाही, ती नजरेतूनही निसटते.

टेस्टोस्टेरॉन हे वृषणांत तयार होणारे संप्रेरक होय. १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथे अर्न्स्ट लाकर व त्यांचे सहकारी यांनी ते बैलांच्या वृषणांतून वेगळे केले, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. रोगामुळे वा शस्त्रक्रियेमुळे ज्यांच्या शरीरात ते पुरेसे निर्माण होत नाही, त्यांना ते बाहेरून देणे हा योग्य उपचार आहे. त्याविषयी येथे तक्रार नाही.

मात्र हे संप्रेरक अस्थिमज्जेला अधिक तांबड्या पेशी घडविण्यास उद्युक्त करते. यकृतात हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य तयार होते. आतड्यातून व साठ्यातून रक्तात येणाऱ्या लोहावर त्याचा पहारा असतो. टेस्टोस्टेरॉनमुळे हा पहारा सैल होतो आणि लोह अस्थिमज्जेकडे धाव घेते. एक ग्रॅम हीमोग्लोबिनला सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह लागते. दर शंभर मिलिलिटर रक्तामागे हीमोग्लोबिन दोन ग्रॅमने वाढले, तर पाच लिटर रक्तासाठी सुमारे ३४० मिलिग्रॅम लोह खर्ची पडेल. प्रौढ पुरुषाचा राखीव साठा साधारणपणे एक ग्रॅमच्या आसपास असतो.

पुढची गोष्ट अधिक चिंतेची आहे. तांबड्या पेशी फार वाढल्या की रक्त दाट होते. म्हणून काही ठिकाणी वारंवार रक्त काढून टाकतात. रक्तमोक्षणाचा हा जुनाच मार्ग. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघून जाते. भारतात निरोगी पुरुषालाही दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचे अंतर राखावे लागते. त्याच गतीने वर्षातून चार वेळा रक्त काढले, तरी ८०० ते १००० मिलिग्रॅम लोह जाते. अन्नातून मात्र दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषले जाते, आणि त्यातलेही बरेचसे रोजची झीज भरून काढण्यात संपते. ताट भरलेले दिसते, पण कणगीचा तळ लागलेला असतो.

अशा पुरुषाला थकवा येतो, श्रम झेपत नाहीत, रात्री पाय अस्वस्थ होतात. हीमोग्लोबिन तपासावे तर ते उत्तम! मग हा थकवा टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याचा मानून मात्रा वाढविली जाते. रक्त आणखी दाट होते. ते पुन्हा काढले जाते. आणि उरलेले लोहही जाते. उपचारच व्याधीला खतपाणी घालतो.

माझे मत असे की, जो रक्त काढतो त्याने लोहाचाही हिशेब ठेवलाच पाहिजे. तो ठेवणे अवघड नाही. रक्तातील फेरिटिन मोजले की साठ्याचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या निकषानुसार निरोगी प्रौढात ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमहून कमी असणे ही लोहाची तूट होय. शरीरात दाह असल्यास हा आकडा फसवा वाढतो, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरे असे की, रक्त काढण्याआधी औषधाच्या मात्रेकडे पाहावे. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या सूचनांनुसार रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवावे व ते उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करावे.

‘मग लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, झाले!’ असे कोणी म्हणेल. हे इतके सरळ नाही. लोह मिळताच अस्थिमज्जा पुन्हा पेशी घडवू लागते आणि रक्त पुन्हा दाट होऊ शकते. शिवाय पुरुषाच्या शरीरातील लोह घटण्यामागे आतड्यातील छुपा रक्तस्रावही असू शकतो. तो गोळ्यांखाली झाकला जाऊ नये. हा निर्णय वैद्याचाच.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. जेथे अनेकांची कणगी मुळातच अर्धी आहे, तेथे ती न पाहता उपसणे शहाणपणाचे नाही. मराठीत या अवस्थेला ‘लोहसाठ्याची तूट’ म्हणावे, असे मी सुचवितो. रुग्णाला हे नाव ठाऊक असेल, तर ‘रक्त उत्तम आहे’ एवढ्या उत्तरावर तो थांबणार नाही. साठा किती उरला, हेही तो विचारील.