दादा, तुझा माणूस उडी का मारत नाहीये?

गेल्या महिन्यात आमचं जुनं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. माळा रिकामा करताना खोक्यात काय सापडावं? आमचा व्हिडिओ गेम! दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट, अ‍ॅडॉप्टर गायब. फुंकर मारल्याशिवाय चालू न होणारी ती कॅसेट आठवतेय ना? तीच!

फोटो काढून दादाला पाठवला. आम्ही वर्षभर जेमतेम बोलत होतो. नव्या घराच्या कागदांवर माझं नाव हवं की नको, यावरून सॉल्लिड वाजलं होतं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘ओके’ आणि अंगठा. पण या फोटोवर पाच मिनिटांत उत्तर, ‘काँट्रा आहे का त्यात?’

म्हटलं, रविवारी ये, कॉम्प्युटरवर लावून ठेवते. बोलायला काय जातंय! शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही रात्री त्यात गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप.

आधी थोडं बेसिक. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर. आपले ते डबे म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ मशीनची मेमरी अवघी २ केबी! म्हणजे तुमच्या लॅपटॉपला ताकद कमी पडत नाही. घोळ होतो तो टायमिंगचा आणि सेटिंगचा.

स्क्रीन काळी, गेम चालूच नाही. प्रत्येक कॅसेटमधली चिप वेगळी असायची. कुठली चिप, हे गेमच्या फाइलच्या पहिल्या १६ बाइट्समध्ये लिहिलेलं असतं. तिथे चूक असली की गेम उठत नाही किंवा पडद्यावर नुसती रांगोळी. आधी दुसरा एम्युलेटर वापरून बघा. मेसेन किंवा नेस्टोपियाकडे गेमची यादी असते, त्यामुळे अशा कित्येक चुका ते स्वतःच सुधारून घेतात.

गेम रडत चालतोय किंवा सुसाट सुटलाय. रीजन तपासा. जपान-अमेरिकेतल्या मशीनचा वेग सेकंदाला ६० चित्रांचा, पाल टीव्हीवाल्या देशांतला ५०. पर्याय चुकला की गाणंसुद्धा लांबण लावतं. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर काही एम्युलेटर त्याच्याच तालावर धावत सुटतात. मग मॉनिटर ६० वर आणा.

आवाज फाटतोय. ऑडिओ लेटन्सी वाढवा. रेट्रोआर्चमध्ये ती ६४ मिलिसेकंदांवर असते, ९६ किंवा १२८ करा. लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर नाही ना, तेही बघा.

बटण दाबल्यावर माणूस उशिरा हलतो. मोठ्या टीव्हीला जोडलंय? मग टीव्हीचा गेम मोड ऑन करा. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही वेळ खातो. तरीही जड वाटलं तर रेट्रोआर्चमधलं ‘रन-अहेड’ एका फ्रेमवर ठेवा.

बदकं मरत नाहीत. डक हंटची बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनलेली. ट्रिगर ओढला की क्षणभर पडदा काळा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन व्हायचा, तो उजेड बंदूक टिपायची. नव्या पडद्यांवर हे जमत नाही. दुसऱ्या पोर्टला ‘झॅपर’ निवडा आणि माऊसने नेम धरा.

एक सांगून ठेवते. एम्युलेटर वापरणं गुन्हा नाही, पण फुकटात गेम उतरवणं म्हणजे चोरीच. काँट्रासाठी कोनामीचा २०१९ सालचा ‘काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ कॉम्प्युटरवर विकत मिळतो.

आता रविवार. दादा आला, चहा झाला, एकाच कीबोर्डवर दोघं बसलो. लहानपणी निळी पँट कायम त्याची, लाल माझी. या वेळी न विचारता मी निळी घेतली. त्याने बघितलं, पण बोलला काही नाही. तीस लाइफचा कोड दोघांच्याही बोटांना पाठ, पण लागेना! कारण झेड म्हणजे बी आणि एक्स म्हणजे ए, आम्ही उलटं धरलेलं.

खरी मारामारी पुढेच. मी पळत गोळ्या झाडतेय आणि दादाचा माणूस उडीच मारत नाहीये. ‘तू मुद्दाम करतेयस!’ अरे बाबा, मी नाही, कीबोर्ड! साध्या कीबोर्डमध्ये बटणांच्या तारा जाळीसारख्या असतात. एकदम तीन-चार बटणं दाबली की त्याला कळेनासं होतं आणि तो एखादं बटण गिळून टाकतो. शिफ्ट, कंट्रोल यांच्या तारा बहुधा वेगळ्या असतात, म्हणून दादाची उडी शिफ्टवर टाकली. पाचव्या उडीला विंडोजने मध्येच खिडकी उघडली, ‘स्टिकी कीज चालू करू का?’ दादा जो हसत सुटला! सेटिंगमध्ये जाऊन ते आधीच बंद करा. आणि खरा इलाज म्हणजे दोन यूएसबी गेमपॅड घ्या, भांडणच मिटतं.

मग आला धबधबा. तिथे वर चढणारा पुढे गेला की पडदा सरकतो आणि खालचा मरतो. लहानपणी दर वेळी मी मरायचे. या वेळी मी पुढे होते. दादा ओरडला, ‘अगं थांब, मी खाली राहिलोय!’

थांबले. तो वर आला, मग दोघं पुढे गेलो.

निघताना बूट घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘ते कागद पुन्हा पाठव जरा. नीट वाचतो.’

पाठवलेत. गेमपॅडही मागवलेत, दोन.